सबब

भाड्याच्या खोलीत एक रात्र काढू इच्छिणाऱ्या इसमाने आपले नाव, वय, धंदा, कायमचा पत्ता आणि आधारकार्डाचा क्रमांक लिहून दिल्यानंतर त्याच्यापासून जगाने आणखी कशाची अपेक्षा करू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु पुण्याहून सायकल हाकीत निघून तिसऱ्या दिवशीच्या रात्री, कमरेखालच्या सर्व अवयवांनी असहकार पुकारलेल्या अवस्थेत, बीडच्या ज्या लॉजमध्ये मी येऊन पोहोचलो, तेथील नोंदवहीत या सर्व रकान्यांपुढे आणखी एक रकाना होता आणि त्याच्या डोक्यावर ‘येण्याचे कारण’ असे छापलेले होते. माझ्यापूर्वीच्या मुक्कामवाल्यांनी तो विनासायास भरला होता. एकाने ‘लग्न’ लिहिले होते, दुसऱ्याने ‘कोर्ट’, तिसऱ्याने ‘दवाखाना’, आणि चौथ्याने, बहुधा ही तिन्ही कामे एकदम अंगावर आल्यामुळे, ‘खाजगी’. मी बराच वेळ पेन हवेत धरून उभा राहिलो आणि अखेर ‘सायकल’ असे लिहिले.

व्यवस्थापकाने वही आपल्याकडे फिरवून घेतली.

“सायकल इकायला आणली का?”

“नाही. सायकलवरून आलो.”

“ते कशानं आलाव, झालं. कामून आलाव, ते लिवा.”

मराठवाड्यातला हा ‘कामून’ पुणेकराने एकदा तरी अनुभवावा असा आहे. आमच्याकडच्या ‘का’मध्ये उत्तराची फारशी अपेक्षा नसते, विचारणाऱ्याला तुमचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि ते चुकीचे आहे एवढेच त्याला सुचवायचे असते. ‘कामून’ हा मात्र सरळ मनाचा, मांडी घालून बसणारा, उत्तर मिळेतो जागचा न हलणारा प्रश्न आहे. आणि त्याच्यापुढे मी निरुत्तर व्हावे यात दैवाच्या विनोदबुद्धीचा साक्षात प्रत्यय होता. कारण महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ३४ वर्षे बसून मी ज्या हजारो अर्जांची वासलात लावली, त्यांतल्या निम्म्यांवर तरी ‘सबब नमूद नाही, अर्ज दप्तरी दाखल’ हा शेरा माझ्याच हस्ताक्षरात सापडेल. ज्याने जन्मभर लोकांना सबब विचारली, त्याच्यापाशी ऐन वेळी स्वतःची एकही सबब शिल्लक नव्हती. व्यवस्थापकाला माझी दया आली असावी. त्याने ‘सायकल’ खोडून तेथे ‘इतर’ असे लिहिले आणि खोलीची किल्ली, एरवी अल्पवयीन मुलाच्या हाती काडेपेटी द्यावी तशी, संशयाने माझ्या हाती दिली.

सबब मुळीच नव्हती असे नाही. ती चारचौघांत सांगण्याजोगी नव्हती, एवढेच. सेवानिवृत्तीनंतर दोन महिन्यांच्या आत मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले होते, दुधाची स्वतंत्र वही घातली होती, आणि तूरडाळीची प्रत्यक्ष शिल्लक व अपेक्षित शिल्लक यांतील तफावतीबद्दल सौभाग्यवतींकडून तोंडी खुलासा मागवला होता. पुढे एके दिवशी, अमेरिकेस गेलेल्या भाच्याने आमच्या जिन्याखाली ठेवलेली एकवीस गियरांची सायकल पुशीत असता, समोरच्या भिंतीवर कुणीसे अलीकडेच टांगलेल्या कॅलेंडरावरचे वैजनाथाचे देऊळ नजरेस पडून मी सहज म्हणालो, “हिच्यावर बसून परळीला जाऊन यावे.” कोपऱ्यावरच्या वाण्याकडून गूळ आणायला सांगितला तर ज्याचा गुडघा दुखतो, अशा माणसाच्या या उद्गारावर पत्नीने हसावे, निदान हरकत तरी घ्यावी, ही माझी रास्त अपेक्षा होती. ती काही न बोलता आत गेली आणि दोन तासांत मेथीचे लाडू बांधून बाहेर आली. इतक्या तातडीने निघालेला हुकूम मी सरकारातही पाहिला नव्हता.

धीर यावा म्हणून मी थोरांची चरित्रे चाळली. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुणांनी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परत आले. उरलेल्या तिघांना वाटेत शहाणपण सुचले असावे, आणि मनुष्यजातीत निम्म्यांना शहाणपण सुचते हे प्रमाण मला मोठे आशादायक वाटले. आमच्या पुण्याच्याच वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटरांची प्रदक्षिणा १५९ दिवसांत एकटीने आटोपली, आणि कॅनडात तर तिच्या मागे अस्वल लागले. परंतु या थोरांची एक सोय होती, ती माझ्या नंतर ध्यानात आली. पृथ्वीप्रदक्षिणा ही स्वतःच इतकी भक्कम सबब आहे की इराणच्या वाळवंटातही कुणी त्यांना ‘कामून’ विचारण्याच्या फंदात पडले नसेल. बीड ते परळी हे नव्वदेक किलोमीटर मात्र पराक्रमाच्या मानाने फारच थोडे आणि कामाच्या मानाने फारच जास्त. असे अंतर सायकलवरून तोडणारा मनुष्य एक तर गरजू असतो, नाही तर संशयित.

चौथ्या दिवशी पहाटे सहा वाजता, बसण्याच्या जागी गादी शिवलेली तोकडी घट्ट चड्डी, पिवळाधमक सदरा आणि डोक्यावर भोकाभोकांचे शिरस्त्राण अशा वेशात मी बीड सोडले. ऑक्टोबर महिन्यात तिकडे वारा पूर्वेकडून वाहतो, हे मला भूगोलात शिकवले होते. परंतु आपण स्वतः पूर्वेकडे तोंड करून पायडल मारीपर्यंत मनुष्याला भूगोलाचे गांभीर्य कळत नाही. कॅनडातले अस्वल माझ्या वाट्याला आले नाही, तरी वडवणीच्या अलीकडे तीन कुत्र्यांनी त्याची उणीव भरून काढली. त्यांत कामाची रीतसर वाटणी होती: एक भुंकत होते, एक धावत होते, आणि तिसरे, बाकीचे दोघे एवढे करताहेत त्या अर्थी काही तरी असेल, अशा नागरिकसुलभ भावनेने मागून येत होते.

वडवणी सोडल्यावर रस्त्याची एक संपूर्ण बाजू सोयाबीनने आच्छादलेली दिसली. कुणी तरी खळ्यावर जागा न उरल्यामुळे आपले धान्य सरकारी डांबरावर वाळत घातले होते. सोयाबीनचा वाळलेला दाणा हा आकाराने बंदुकीच्या छऱ्याचा सख्खा भाऊ आहे, हे ज्याच्या सायकलीची चाके अंगठ्याएवढी रुंद आहेत त्याने आधी जाणून घ्यायला हवे होते. माझे पुढचे चाक त्या राशीत शिरले, मागच्याने पुढच्याशी असलेले संबंध तोडले, आणि पुढच्या क्षणी मी शेतकऱ्याच्या उत्पन्नात हात-पाय पसरून पडलेला होतो. राखण करणारी मावशी बाभळीच्या सावलीतून उठून आली. आधी तिने सांडलेले दाणे परत राशीत लोटले, मग माझ्या बुटांतले व खिशांतले दाणे मोजून घ्यावे तसे काढून घेतले, आणि मालाची वसुली पुरी झाल्यावरच तिचे लक्ष माझ्या सोलवटलेल्या कोपराकडे गेले.

“दस्ती हाय का?”

नोंदणी झालेल्या कागदाला आमच्या खात्यात दस्त म्हणतात; तेव्हा रस्त्यात पडलेल्या माणसाकडे इतक्या तत्परतेने मालकीची कागदपत्रे मागणाऱ्या या बाईबद्दल मला एक प्रकारचा व्यावसायिक आदरच वाटला.

“दस्त पुण्याला आहे,” मी म्हणालो. “सायकल भाच्याच्या नावावर आहे.”

मावशीने माझ्या डोक्याला कितपत मार लागला आहे हे क्षणभर निरखून पाहिले आणि कमरेचा रुमाल काढून माझ्या कोपराला करकचून बांधला. १९४८ सालापर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात रुमालाला दस्ती म्हणतात, हे ज्ञान मला असे हाडापर्यंत पोहोचले. “आन् आता गोल वळसा घालून जावा,” ती म्हणाली. “टरक गेला त निदान दाणा तरी निघतो शेंगातून. तुमच्यानं ते बी न्हाई.”

तेलगाव किती दूर, हे मी वाटेत पाच जणांना विचारले. पहिल्याने ‘हे काय, दोन किलोमीटर’ म्हणून सांगितले. अर्ध्या तासाने दुसऱ्याने ‘पाच’ सांगितले. म्हणजे मी नेटाने पायडल मारीत तेलगावपासून दूर चाललो होतो. पुढे उलगडा झाला की मनुष्य अंतर आपल्या वाहनाच्या मापाने सांगतो. ज्याच्या हाती मोटारसायकल आहे त्याला सारा जिल्हाच ‘हे काय, इथंच’ असतो. आणि ज्याच्या डोक्यावर गवताचा भारा आहे त्यालाच काय ते खरे अंतर माहीत असते, परंतु तो सांगण्यासाठी थांबत नाही.

तेलगावात साखर कारखाना आहे, आणि तरीही त्या दिवसांत या मुलखातली माणसे ऊस तोडायला शेकडो किलोमीटर दूर, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, ट्रक भरभरून निघतात. असाच एक ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. वर भांडीकुंडी, सरपण, घोंगड्या, एक शेळी, खुराड्यातल्या दोन कोंबड्या, आणि या सर्वांच्या सांदीत आठ-दहा कुटुंबे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादमाने आगाऊ दिलेल्या रकमेला उचल. मी धापा टाकीत पाणी पिण्यास थांबलो, तशी वरून एका बाईने विचारले,

“कुठून आलाव, दादा?”

“पुण्याकडून.”

“आन् उचल किती घेतली?”

“काही नाही.”

“न्हाई? मग येकलेच? कोयता अर्धाच?”

“काम नाही हो, नुसताच चाललोय.”

हे ऐकून ट्रकात एकदम शांतता पसरली. मग ती बाई खाली वाकून, खरोखरच्या काळजीने म्हणाली, “आम्ही तिकडं चाललाव, तुम्ही इकडं पळून आलाव, तिकडलं काम सरलं का काय?” मी तिला परोपरीने आश्वासन दिले की पश्चिमेकडे ऊस यथास्थित उभा आहे. तरी ट्रक हलला तेव्हा त्या सर्व मंडळींच्या नजरा माझ्यावर खिळलेल्या होत्या. आगाऊ दमडीसुद्धा न घेता घर सोडलेला माणूस त्यांनी प्रथमच पाहिला असावा, आणि तो दिसायला इतका दमलेला असावा याचे त्यांना कोडे पडले असावे.

दिंद्रुड मागे पडल्यावर मोबाइलमधल्या बाईने मला उजवीकडे वळण्याचा सल्ला दिला. मी तो ऐकला, कारण दिवसभरात ‘कामून’ न विचारता माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. तिने दाखवलेला जवळचा मार्ग म्हणजे दोन वावरांमधली पांदण निघाली, आणि त्या पांदणीवर आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेलेला होता. काळ्या मातीची थोरवी मी जमीन महसुलाच्या कागदांत वर्षानुवर्षे लिहिली होती; ती अंगाला लागण्याचा योग तेवढा यायचा होता. पहिल्या पन्नास पावलांत चाकांवर मातीचा एक थर चढला, पुढच्या पन्नास पावलांत त्या थरावर दुसरा, आणि मग चाक व चिखलरोधक पत्रा यांच्यामधली सर्व जागा तिने अशी काही कब्जात घेतली की दोन्ही चाके फिरेनाशी झाली. काडीने कोरून काढली तरी ती काडीसकट चिकटून राही. अखेर मी सायकल खांद्यावर घेतली. आणि वाहन व स्वार यांच्या परस्परसंबंधांत असा फेरफार झाल्यावर, एका हाती एक बूट, दुसरा बूट मातीच्या ताब्यात, अशा स्थितीत एक कोसभर वाट तुडवून मी पुन्हा डांबरी सडकेवर आलो. तेथे चाके धुऊन, बसून, समाधानाने पहिले पायडल मारले मात्र, आणि बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला.

दुपारी साडेचार वाजता, सायकल हाताने ढकलीत, मी सिरसाळ्यात प्रवेश केला. परळी अद्याप वीसेक किलोमीटर दूर होती. रस्त्याला लागूनच पंक्चरचे दुकान होते, त्याला लागून हॉटेल होते, आणि दोघांच्या मध्ये लाकडी बाकड्यावर, काही तरी घडण्याची वाट पाहत बसलेली गावातली सहा-सात मंडळी होती. ते घडले आहे हे त्यांनी तत्काळ ओळखले.

“सुशीला हाय ताजी. देऊ का?” हॉटेलवाल्याने विचारले.

ज्याची पत्नी पुण्यात आहे अशा निवृत्त गृहस्थाने या प्रश्नावर जितके दचकावे तितका मी दचकलो. परंतु त्याने पुढे केलेल्या बशीत, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचे कूट लावून वर कोथिंबीर भुरभुरलेली होती. आणि तिला हे नाव कुणी ठेवले असेल ते असो, त्या दिवसात माझ्याशी इतक्या सौजन्याने वागलेली ती पहिलीच व्यक्ती होती. मी तिच्या तीन बशा खाल्ल्या.

दरम्यान पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे काढणारे छिद्र बोटाने दाबून धरले, कानस मारली, सुलेशन लावले, फुंकर घातली, आणि ठिगळ बसवून कॉम्प्रेसरची नळी हाती घेतली. येथवर सर्व यथासांग झाले. मग त्याने वॉल्व पाहिला.

“ह्याचं तोंड लई बारीक हाय. हवा कुठून जाती?”

त्या परदेशी वॉल्वला आपल्याकडची नळी लागावी म्हणून सुपारीच्या खांडाएवढी एक पितळी टोपी मिळते. ती माझ्याजवळ होती. म्हणजे पुण्याला होती. म्हणजे हरवू नये म्हणून मी ती डबा क्रमांक १७ मध्ये नोंद करून ठेवली होती. तेव्हा माझ्या सामानातल्या वीतभर हातपंपाने चाक फुगवण्याचे ठरले. भोवती जमलेल्या शाळकरी पोरांनी पाळ्या लावल्या आणि दर पाळीचे आकडे मोठ्याने मोजणे सुरू झाले. तीनशेच्या पुढे आकडा गेला तसे गाव आपोआप गोळा झाले, आणि गाव गोळा झाल्यावर ‘कामून’ निघाला.

“पीकविम्याचे साहेब हायेत,” पंक्चरवाल्याने निर्वाळा दिला. ३४ वर्षांच्या नोकरीचे काही तरी माझ्या चेहऱ्यावर राहून गेले असले पाहिजे. कारण लगेच दोघांनी सातबाऱ्याच्या नकला माझ्यापुढे धरल्या आणि मीही, सवयीने, त्यांतली एक, उताऱ्यावरची तारीख जुनी आहे म्हणून, परत केली. “विम्याचे न्हाईत, रेल्वेचे हायेत,” दुसरा म्हणाला, “चाकाला मीटर लावलाय बगा, जमीन मापायलेत.” अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटर लोहमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि त्यानंतर या भागातली एक अख्खी पिढी रूळ येण्याची वाट पाहत बापाची आजोबा झाली, त्यामुळे रेल्वेखात्याने आता माणूस सायकलवर धाडला आहे, ही गोष्ट कामाच्या एकंदर गतीशी सुसंगतच वाटून सर्वांनी माना डोलावल्या. “निशाणी सायकल हाय का?” तिसऱ्याने विचारले. “कोणत्या वार्डातून?”

मी हात जोडून सांगितले की मी कुणीही नाही, माझे काहीही काम नाही, केवळ हौस म्हणून चाललो आहे. हौस म्हणून, या वयात, फाटक्या कोपराने, एका बुटावर! हे कुणालाच पटले नाही, आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर मलाही पटले नाही.

तेवढ्यात बाकड्याच्या टोकाला इतका वेळ मुकाट बसलेले एक फेटेवाले वृद्ध उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जरा बाजूला घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“पोरांनी सांबाळलं न्हाई का, साहेब?”

माझे उत्तर ऐकून घेण्याच्या आतच बातमी पंक्चरच्या दुकानापासून हॉटेलच्या भट्टीपर्यंत पोहोचली. निवृत्त बाप, पेन्शन पोरांच्या हाती, सून खाष्ट, आणि घराबाहेर काढताना दिलेली जुनी सायकल: माझी इतकी सुसंगत आणि करुण हकीकत मी स्वतः कधीच रचू शकलो नसतो. चहाचे पैसे घेण्यास हॉटेलवाल्याने नकार दिला. एक टेम्पोवाला पुढे झाला. तो रिकामा टेम्पो घेऊन परळीलाच निघाला होता. “सायकल टाका मागं, तुम्ही बसा म्होरं माझ्यापाशी. अर्ध्या तासात परळी.” चार जणांनी सायकल उचलून टेम्पोत चढवलीसुद्धा. दिवसभर खऱ्याने जे मिळाले नव्हते ते एका गैरसमजाने पदरात पडले होते. आणि नियत साफ असलेल्या सरकारी नोकराने अशा प्रसंगी जे करावे तेच मी केले, म्हणजे गप्प बसलो.

परंतु त्या वृद्ध गृहस्थांना न्याय केल्याशिवाय चैन पडेना. “लावा फोन घरी,” ते म्हणाले. “दोन शब्द आम्ही बी बोलताव.” फोन लागला, कुणी तरी तो मोठ्या आवाजावर केला, आणि सगळे सिरसाळे माझ्या संसाराभोवती वाकले.

“ताई, सिरसाळ्याहून बोलायलो,” ते म्हणाले. “साहेब हितं हायेत. हाल लई झालेत त्यांचे. घरी काही तरास हाय का?”

पलीकडे क्षणभर शांतता. सौभाग्यवती पस्तीस वर्षे माझ्याबरोबर राहिल्यामुळे कुठल्याही आगंतुक चौकशीला कशी भाषा वापरावी हे तिला पाठ आहे.

“अगंबाई, त्यांनी सांगितलं नाही का? वैजनाथाचा नवस आहे, बाबा. पुण्याहून परळीपर्यंत सायकलवर जायचं, दुसऱ्या वाहनाला पाय लावायचा नाही. नवस सांगू नये म्हणतात ना, म्हणून बोलले नसतील.”

गर्दीत एकदम सन्नाटा झाला. दोघा-तिघांनी डोक्यावरच्या टोप्या सारख्या केल्या. दिवसभर ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला होता तो जागच्या जागी निवाला. विमा, रेल्वे, निवडणूक, खाष्ट सून, सर्व प्रकरणे एका शब्दात दप्तरी दाखल झाली. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हा सारा मुलूख ज्याला मानतो, त्या वैजनाथाला निघालेल्या माणसाला कामून विचारण्याची कुणाची प्राज्ञा? पंक्चरवाल्याने पैसे कपाळाला लावून परत केले. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ज्या चार जणांनी माझी सायकल टेम्पोत चढवली होती त्याच चार जणांनी ती पालखी उतरवावी तशी अदबीने खाली उतरवली.

“बरं झालं ताईला इचारलं,” टेम्पोवाला कानाला हात लावून म्हणाला. “माझ्या हातनं नवस मोडला असता.”

मी अर्धवट तोंड उघडले. परंतु सत्य सांगितले असते तर पुन्हा ‘कामून’पासून सुरुवात करावी लागली असती. तोवर गावकऱ्यांनी आपापल्या वतीने देवाला वाहण्यासाठी म्हणून सात नारळ, एक खडीसाखरेची पुडी आणि पाच-पाच, अकरा-अकरा रुपयांच्या कागदी पुड्या माझ्या सामानावर बांधल्या. कोरड्या नारळांचे वजन किती असते याची कल्पना ज्याला देवळातच ते हाती धरण्याची सवय आहे त्याला येणार नाही. ते चढावर मोजावे.

अंधार पडत होता, म्हणून गावातली दोन पोरे मोटारसायकलवरून माझ्या मागे दिवा धरण्यास निघाली. त्यांचा हेतू निर्मळ होता, परंतु त्यामुळे मार्गात कुणा ट्रकवाल्याशी खाजगी बोलणे करण्याची माझी शेवटची आशाही मावळली. पहिल्या चढावर मी खाली उतरून सायकल ढकलू लागलो, तशी मागून शंका आली.

“काका, पायी चाललेलं चालतंय का नवसाला?”

“चालतंय रे,” दुसऱ्याने परस्पर निकाल दिला. “पाय काही वाहान न्हाई.”

हा निर्णय मिळाल्यावर मी प्रत्येक चढावर त्याचा पुरेपूर लाभ घेतला. परळीच्या औष्णिक केंद्राचे दिवे दिसू लागले तेव्हा आठ वाजून गेले होते. पोरांनी गावाच्या तोंडाशी मला नमस्कार केला. मीही त्यांना नमस्कार केला, कारण तोवर माझाही त्या नवसावर बऱ्यापैकी विश्वास बसलेला होता.

लॉजमध्ये पोहोचल्यावर पाहतो तो तीच वही. बीडला आणि परळीला ती एकाच छापखान्याने पुरवलेली असावी. नाव, वय, धंदा, पत्ता, आणि शेवटी ‘येण्याचे कारण’. या खेपेस माझ्यापाशी सबब होती; मी ताठ मानेने ‘नवस’ असे लिहिले. व्यवस्थापकाचा चेहरा लगेच मवाळ झाला.

“कशाचा, साहेब?”

मी फोन घेऊन बाहेर आलो.

“अगं, सात नारळ घेऊन सकाळी देवळात उभा राहणार आहे. नवस कशाचा ते तरी सांगून ठेव.”

“तुमचा कशाला?” ती म्हणाली. “माझा आहे. तुम्ही निवृत्त झालात त्याच आठवड्यात बोलले होते. म्हटलं, वैजनाथा, आठ दिवस डबे मोजणारं कुणी घरात नको, एवढं कर. मी त्यांनाच तुझ्या पायाशी धाडते.”

जिन्याखालच्या भिंतीवरचे ते कॅलेंडर कुणी टांगले असावे, हे मला तेव्हा समजले.

“फिटला म्हणायचा मग,” मी म्हणालो. “उद्या संध्याकाळच्या एस्.टी.ने निघतो.”

“छे, छे! तसं करू नका हं,” ती घाईने म्हणाली. “नवस जाऊन-येऊन आहे.”

मी आत आलो, वही पुन्हा मागून घेतली आणि माझ्या नोंदीपुढे खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे दुरुस्ती केली: ‘नवस (पत्नीचा). सबब, मुक्काम दोन दिवसांनी वाढवण्याची परवानगी असावी.’